पाठविले म्हणजे पोचले नव्हे

व्यापारात पोचपावतीला फार जुना मान आहे. गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरल्या तरी बिल्टी हाती पडेपर्यंत जुना मुनीम पेढीवरून उठत नसे. बिल्टी मिळाली तरी त्याचा जीव पुरता खाली पडत नसे. समोरच्या गावाहून ‘माल मिळाला, नग बरोबर’ असा निरोप आला, की मगच तो वहीत त्या रकमेपुढे खूण करी. माल रवाना होणे आणि माल पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते.

आज पेढीवर वहीच्या जागी संगणक आला आहे. बिल आता कागदावर छापून भागत नाही. पेढीवरचा प्रोग्राम ते इंटरनेटवरून दूरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे पाठवितो आणि तेथून उत्तर आल्यावर बिल पक्के होते. मात्र या नव्या पाठवणीत आपण जुन्या मुनिमाची शिस्त विसरलो आहोत, असे खेदाने म्हणावे लागते. बटन दाबले की आपण समजतो, काम झाले. त्यातून काय घडते, याचे एक उदाहरण सांगतो.

एका बिलाची दोन बिले

माझ्या परिचयाचे भिवंडीचे एक कापड व्यापारी आहेत. त्यांनी गेल्या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी इंदूरच्या पार्टीला ८ लाख ४० हजारांचा माल पाठविला. पाच टक्के दराने ४२ हजार रुपये कर झाला. मुनिमाने १४७ क्रमांकाचे बिल तयार करून जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलकडे पाठविले. त्याच वेळी लाइन तुटली. पडद्यावर ‘एरर’ असा शब्द आला. गाडी दारात उभी, ड्रायव्हर घाई करीत होता. मुनिमाने पुन्हा बटन दाबले. या खेपेस नोंदणी क्रमांक आला, क्यूआर कोड छापला गेला आणि गाडी गेली. “शेठ, बिल गेलं,” असे सांगून मुनीम घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, पेढी बंद. शनिवारी दुपारी इंदूरहून फोन आला. “भाईसाहेब, गाडी एक आली आणि बिले दोन दिसतात. हा काय प्रकार आहे?”

प्रकार असा होता. पहिल्या खेपेस बिल पोर्टलवर पोचले होते, त्याची नोंदही झाली होती. फक्त उत्तर परत येताना वाटेत हरवले. उत्तर आले नाही म्हणून पेढीच्या प्रोग्रामने ते बिल आपल्याकडे ठेवलेच नाही आणि दुसऱ्या खेपेस नवा क्रमांक घातला, १४८. पोर्टलच्या दृष्टीने ही दोन स्वतंत्र बिले झाली. ई-इन्व्हॉइस रद्द करण्याची मुदत २४ तासांची असते, ती शुक्रवारी संध्याकाळीच टळली होती. शेवटी क्रेडिट नोट काढावी लागली आणि तिलाही त्याच पोर्टलवर नोंदवावे लागले. पैसा बुडाला नाही. परंतु वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदाच विचारले, “तुमच्याकडे हे नेहमी होते काय?” हा प्रश्न त्या व्यापाऱ्याच्या मनाला जास्त लागला.

चूक मुनिमाची की प्रोग्रामची?

सर्वांनी मुनिमाला दोष दिला. माझे मत वेगळे आहे. मुनिमाने घाई केली हे खरे, परंतु दोष मुळात प्रोग्राम लिहिणाऱ्याचा आणि प्रोग्राम विकत घेताना योग्य प्रश्न न विचारणाऱ्या मालकाचा आहे. ते का, हे समजण्यासाठी प्रोग्राम सर्व्हरशी कसा बोलतो, हे थोडे पाहिले पाहिजे. विषय वाटतो तितका अवघड नाही.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली. तिच्या संभाषणाच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. सुरुवातीला या नियमांत एकच क्रिया होती, ‘गेट’, म्हणजे ‘मला अमुक कागद दाखवा’ अशी मागणी. पुढे मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या मसुद्यात ‘पोस्ट’ ही क्रियाही लिहून निश्चित झाली. ‘पोस्ट’ म्हणजे ‘हा कागद घ्या आणि आपल्याकडे दाखल करा.’

या दोहोंतील फरक व्यापाऱ्याने पक्का ध्यानात ठेवावा. बाजारात जाऊन दहा वेळा भाव विचारला तरी काही बिघडत नाही. परंतु दहा वेळा ऑर्डर दिली तर दहा नग येतील. ‘गेट’ म्हणजे भाव विचारणे, ‘पोस्ट’ म्हणजे ऑर्डर देणे. म्हणून ‘पोस्ट’ पुन्हा करताना हात आखडता घ्यावा लागतो.

आता लाइन तुटते तेव्हा काय होते? तीन शक्यता असतात. एक, पत्र गेलेच नाही. दोन, पत्र पोचले परंतु दाखल झाले नाही. तीन, पत्र दाखल झाले, फक्त पोचपावती वाटेत हरवली. पाठविणाऱ्याच्या पडद्यावर या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. म्हणून ‘उत्तर आले नाही’ याचा अर्थ ‘काम झाले नाही’ असा लावणे ही मोठी चूक आहे. ‘काय झाले ते अजून कळलेले नाही’, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या दुकानदारांना हे एका ठिकाणी पक्के ठाऊक आहे. गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा दाखवून म्हणते, “चाचा, पैसे पाठवले.” चाचा मान डोलावतात, पण हात मालावरून काढीत नाहीत. गल्ल्याजवळचा डबा रक्कम बोलतो, मगच पिशवी हवाली होते. पैसे अडकले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी खाते पाहा, असेही आपणच गिऱ्हाइकाला सांगतो. यूपीआयच्या बाबतीत जे शहाणपण आपण दाखवितो, ते आपल्या बिलांच्या बाबतीत का दाखवीत नाही?

पोर्टलने केलेली सोय

ई-इन्व्हॉइसची रचना करणाऱ्यांनी या अडचणीचा विचार केला होता, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक बिलाला पोर्टलवर जो ६४ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक मिळतो, तो मनाला येईल तसा दिलेला नसतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक या चार गोष्टींवरून गणिताने तो काढतात. या चार गोष्टी त्याच असतील तर नोंदणी क्रमांकही तोच निघतो. तेच बिल त्याच क्रमांकाने दुसऱ्यांदा आले, तर पोर्टल ते स्वीकारीत नाही. ‘हे बिल आधीच नोंदले आहे’ अशा अर्थाची २१५० क्रमांकाची चूक दाखविते आणि सोबत आधीच्या नोंदीचा तपशीलही परत देते.

म्हणजे भिवंडीच्या त्या प्रोग्रामने दुसऱ्या खेपेस १४७ हाच क्रमांक पाठविला असता, तर काहीच बिघडले नसते. हरवलेली पोचपावती आपोआप हाती आली असती. बिल क्रमांकावरून ‘या बिलाची नोंद झाली आहे काय’ असे पोर्टलला विचारण्याची वेगळी सोयही आहे. दोन्ही दरवाजे उघडे होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तिसऱ्याच बाजूने भिंत फोडली.

म्हणून पहिला नियम असा, की आधी वही, मग पाठवणी. बिलाचा क्रमांक पाठविण्यापूर्वी आपल्या संगणकात नोंदवून पक्का झाला पाहिजे. त्यापुढे ‘पाठविले, उत्तराची वाट’ असा शेरा असावा. उत्तर आले की शेरा बदलावा. न आले तर त्याच क्रमांकाने चौकशी व्हावी. उत्तर आले नाही म्हणून क्रमांक बदलणारा प्रोग्राम कितीही स्वस्त मिळाला तरी पेढीत ठेवू नये.

उत्तर वाचावे लागते

दुसरी गोष्ट उत्तराविषयी. सर्व्हर प्रत्येक मागणीला तीन आकडी क्रमांकाने उत्तर देतो. दोनशेच्या घरातला क्रमांक म्हणजे मागणी नीट पोचली. चारशेच्या घरातला म्हणजे पाठविणाऱ्याकडे काही चुकले, जसे पत्ता चुकला, परवाना संपला किंवा माहिती अपुरी होती. पाचशेच्या घरातला म्हणजे सर्व्हरच्या घरी गडबड आहे. पहिल्या प्रकारात पुढे जावे. दुसऱ्यात तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवून उपयोग नाही, पत्र दुरुस्त करावे लागते. तिसऱ्यात थोडे थांबून विचारावे, आणि दर खेपेस थांबण्याचा वेळ वाढवीत जावा. सर्व्हर आधीच दमलेला असताना हजारो पेढ्यांनी दर सेकंदाला दार ठोठावले तर तो उठायचा कसा?

येथे एक फसगत आहे. पुष्कळ सर्व्हर बाहेरून २०० म्हणतात आणि आतल्या मजकुरात लिहितात, ‘नामंजूर, बेरीज जुळत नाही.’ पोस्टमनने पाकीट बरोबर पत्त्यावर दिले, म्हणून आतल्या पत्रात होकारच असेल असे नाही. आळशी प्रोग्राम फक्त पाकीट पाहतो, हिरवी खूण करतो आणि मोकळा होतो. आपण विचारले पाहिजे की तुमचा प्रोग्राम आतले पत्र वाचतो काय, आणि ते जपून ठेवतो काय? ई-इन्व्हॉइसच्या उत्तरात नोंदणी क्रमांक, पोचक्रमांक, दिनांक-वेळ आणि डिजिटल सही केलेला मजकूर येतो. आपल्या दृष्टीने हीच पोचपावती. ती जशीच्या तशी साठविली पाहिजे आणि तिची एक प्रत पेढीबाहेरही ठेवली पाहिजे.

नावे अर्धी का होतात?

आता कारागीर बांधवांच्या नित्याच्या अनुभवातली एक बाब. ऑर्डर घेणारा किंवा मालाची यादी पाठविणारा प्रोग्राम इंग्रजी नावे नीट पाठवितो, परंतु मराठी-उर्दू नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात किंवा मजकूर अर्ध्यावर तुटतो. यात आपल्या भाषांचा काही दोष नाही. संगणक अक्षरे बाइट या मापाने मोजतो. यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दू अक्षराला दोन आणि देवनागरी चिन्हाला तीन.

‘रहमान’ हे नाव घ्या. र, ह, म, काना आणि न अशी पाच चिन्हे झाली, म्हणजे पंधरा बाइट. पाठविताना सर्व्हरला आधी सांगावे लागते की मजकूर इतक्या बाइटचा आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने चिन्हे मोजून ‘पाच’ सांगितले, तर सर्व्हर पाच बाइट घेऊन थांबेल. ‘र’ पुरा पोचेल, ‘ह’ तुटेल, पुढचे नाव जाणारच नाही. गज आणि मीटर यांचा घोळ झाला तर ठाण अपुरे पडते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून प्रोग्राम घेण्यापूर्वी त्यात स्वतःचे नाव मराठीत आणि उर्दूत घालून पाहावे. दोन मिनिटांत परीक्षा होते.

किल्ली कोणाच्या हाती?

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत गंभीर बाब किल्लीची. प्रोग्रामने आपल्या नावाने पोर्टलशी बोलावे यासाठी त्याला आपले युजरनेम, पासवर्ड आणि गुप्त कळ द्यावी लागते. कित्येक पेढ्यांवर या गोष्टी मालकाला ठाऊक नसतात, फक्त संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला ठाऊक असतात. तो मुलगा प्रामाणिक असेलही, परंतु तो नोकरी सोडून गेला तर? तिजोरीची किल्ली आपण कधी सुताराकडे ठेवली होती काय? तिजोरी त्यानेच बनविली असली तरी नाही.

पाठवणीचा रस्ताही बंदिस्त हवा. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असेल तर मजकूर कुलूप लावून जातो आणि समोरचा सर्व्हर तोच आहे याची ओळखही पटविली जाते. कधी या ओळखपत्रात अडचण आली की काही प्रोग्रामर ती तपासणीच बंद करून ठेवतात आणि सांगतात, “शेठ, आता चालतंय.” चालते खरे, पण मग आपला कागद घेणारा पोर्टलच आहे की वाटेत उभा असलेला दुसराच कोणी, हे पाहणारे कोणी उरत नाही. त्याचप्रमाणे पासवर्ड पत्त्याच्या ओळीत जोडून पाठविणेही वाईट. तो पत्ता वाटेतल्या अनेक नोंदवह्यांत जसाच्या तसा उतरला जातो.

दोन आक्षेप

काही बांधव म्हणतील, आमची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे, आम्हाला ई-इन्व्हॉइस लागू नाही. बरोबर आहे. ही सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींपासून सुरू झाली. परंतु ती टप्प्याटप्प्याने खाली आली. एप्रिल २०२२ मध्ये २० कोटी, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० कोटी आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटी. पाणी कोणत्या बाजूने वाहते ते दिसतेच आहे. शिवाय ई-वे बिल, कुरियरची चिठ्ठी, ऑनलाइन विक्रीच्या ऑर्डरी, यूपीआय या सर्वांत हीच देवाणघेवाण चालते. पाचशे रुपयांची चप्पल विकणारा कारागीरही आज प्रोग्रामकरवी सर्व्हरशी बोलत आहे.

दुसरे म्हणतील, हे सर्व आमचा टॅक्सवाला पाहतो. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की नियम व्यापाऱ्याला पकडतो, टॅक्सवाल्याला पकडत नाही. ज्याला ई-इन्व्हॉइस लागू आहे त्याने नोंदणीविना दिलेले बिल केंद्रीय जीएसटी नियम ४८ प्रमाणे बिलच समजले जात नाही. मग गिऱ्हाइकाला मिळणारी करवजावट अडचणीत येते. कागदपत्रांविना माल रस्त्यात अडला, तर मालकाने पुढे येऊन गाडी सोडविताना भरावयाचा दंड जानेवारी २०२२ पासून कराच्या दुप्पट आहे. ४२ हजारांच्या करावर ८४ हजार. एवढी जोखीम ज्या बटनामागे आहे, ते बटन काय करते हे मालकाला ठाऊक नसावे, हे परवडणारे नाही.

काय करावे?

माझ्या मते प्रत्येक पेढीने प्रोग्राम विकणाऱ्याला पाच प्रश्न विचारावेत. बिल क्रमांक पाठवणीपूर्वी पक्का होतो काय? उत्तर न आल्यास त्याच क्रमांकाने चौकशी होते काय? आलेले उत्तर पुरते साठविले जाते काय? किल्ल्या बदलण्याचा अधिकार माझ्या हाती आहे काय? आणि प्रोग्राम बंद पडल्यास पोर्टलवर हाताने बिल करण्याची रीत माझ्या मुनिमाला शिकविणार काय? या पाचांपैकी एकाचेही उत्तर टाळले गेले तर सौदा करू नये.

सोबत रोजचे एक काम लावून घ्यावे. पेढी बंद करण्यापूर्वी त्या दिवशीची आपली बिले आणि पोर्टलवरची बिले यांची संख्या जुळवावी. पाच मिनिटांचे हे काम त्या गुरुवारी झाले असते, तर २४ तासांच्या आत १४७ क्रमांकाचे बिल पोर्टलवर दिसले असते आणि मुदतीतच काय ते निस्तरता आले असते. विशेषतः सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ही जुळवणी चुकवू नये.

सरकारकडेही मागणी आहे. व्यापाऱ्याला मिनिटामिनिटाचा हिशेब मागणाऱ्या पोर्टलने आपण केव्हा आणि किती वेळ बंद होतो, याची नोंद सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. ज्या दिवशी सर्व्हर बंद पडला त्या दिवशीच्या बिलांना रद्द करण्याची मुदत वाढवून मिळावी. व्यापारी संघटनांनी सत्कार-समारंभातून वेळ काढून हा प्रश्न लावून धरला पाहिजे.

शेवटची विनंती तरुणांना. भिवंडी-मालेगावच्या गल्ल्यांत संगणक शिकलेली मुले आज कमी नाहीत. सर्व्हरकडे माहिती पाठविणारा प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींत लिहिता येतो. तेवढे सोपे आहे. अवघड आहे ते उत्तर न आल्यावर काय करायचे हे लिहिणे, आणि कसब तेथेच लागते. यंत्रमाग चालविणे महिन्याभरात येते, पण तुटलेला धागा कापडात गाठ न दिसेल असा जोडणारा तोच कारागीर. आमच्या मुलांनी अशी जोडणी शिकावी आणि आपल्याच पेढ्यांचे प्रोग्राम तपासावेत. यात रोजगार आहे आणि बाजारातली आपली अब्रूही यातच राखली जाते.

भिवंडीच्या त्या व्यापाऱ्याने प्रोग्राम बदलला. मुनीम तोच ठेवला. आता तो “शेठ, बिल गेलं” असे म्हणत नाही. “शेठ, बिल पोचलं, पावती ठेवली” असे म्हणतो आणि मगच घरी जातो.